आईला अनगोळात करमतं का?

निपाणी
३० जून २०२५

प्रिय रचना,
सप्रेम जयभीम.

बेळगावचं हॉस्टेल सोडून सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला कागदावर एक ओळ लिहिली नव्हती. आता लिहिते आहे, कारण फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. कुणीतरी माझा नंबर कसल्याशा गटात टाकला. रोज तीस-चाळीस अनोळखी फोन येतात. उचलला की पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो, नाहीतर शिवी.

कारण तुला ठाऊक आहे. आईचा तो व्हिडिओ. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं मी वर्षभर पेजवर टाकते आहे, दोनशे-तीनशे लोक बघायचे. आई बोलली आणि आठ दिवसांत नव्वद हजार झाले. तिनं सांगितलं ते एवढंच, की वखारीत माठ होता, पण तिनं त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या बाईनं वरून धार धरायची आणि हिनं ओंजळीत घ्यायचं. धार धरणारी कामात असली तर तहान तशीच ठेवायची.

खाली काय काय लिहिलंय ते तुला लिहून कळवत नाही. मी मात्र लॅपटॉप उघडून एकेकाला उत्तर देते. रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर दीड-दोन तास. वर्गात पोरांनी चुकीचं उत्तर दिलं तर मी गप्प बसत नाही, मग इथं का बसू? आई म्हणते, "आगं, लिहिनात का. खरं हाय ते मी बोलले. त्येंच्या लिहिण्यानं काय खोटं हुतंय व्हय?"

पण ती झोपेत बोलायला लागली आहे. तिचं माहेर हुक्केरीकडचं, हे मीसुद्धा विसरून गेले होते. झोपेत ती कन्नड बोलते. एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा, लहान मुलीच्या आवाजात. हे तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कुणाला नाही.

तू असतीस तर काय केलं असतंस? उत्तर दिलं असतंस का?

तुझी,
ज्योत्स्ना


जांबोटी
९ जुलै २०२५

प्रिय ज्योत्स्ना,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. पाकीट पार ओलं झालं होतं, कड सुटून नंतर चिकटल्यासारखी. इथल्या पावसात काहीच कोरडं राहत नाही. खानापूरची बस दोन दिवस आली नाही. आप्पा, माझे सासरे, छत्री घेऊन पोस्टात जातात आणि टपाल घेऊन येतात. नागेंद्र बेळगावात फाउंड्रीत, शनिवारी येतो. मी दिवसभर शाळेत. सासूबाई गेल्यापासून आप्पांना तेवढाच विरंगुळा.

मी असते तर उत्तर दिलं नसतं. भिऊन नाही गं. त्या लोकांना तुझं म्हणणं ऐकायचं नाहीच, तू दारात आलीस एवढंच त्यांना पाहिजे. तू दोन तास बसून लिहितेस ते त्यांना लई भारी वाटत असणार.

तुझा व्हिडिओ मी आप्पांना आल्या दिवशीच दाखवला होता. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळ्याला रुमाल लावला. म्हणाले, "हे करणारी तुझ्या हॉस्टेलातली ना? फार हुशार मुलगी." रिटायर झाले तरी हेडमास्तर ते हेडमास्तरच. घरात रेंज नाही, म्हणून संध्याकाळी फोन घेऊन मागच्या टेकावर जातात, तिथं दगडावर बसून जगाच्या बातम्या वाचतात. पावसातही चुकवत नाहीत. चालणं होतं, म्हणून मी अडवत नाही.

आईंना डॉक्टरला दाखव. झोपेचं म्हणतेय.

तुझी,
रचना


निपाणी
१७ जुलै २०२५

प्रिय रचना,

चार-पाच दिवसांपूर्वी एक गोष्ट घडली. नीट क्रमानं सांगते.

'एक शुभचिंतक' नावाचं एक खातं आहे. फोटोच्या जागी समईचं चित्र. महिनाभर ते मला लिहितंय. शिवी कधीच नाही. 'आक्का' म्हणतं. विरामचिन्हं जागच्या जागी. 'आक्का, पन्नास वर्षांपूर्वीचं उकरून आज कुणाची तहान भागणार?' असलं. मी त्याला सगळ्यात लांब उत्तरं देत आले, कारण वाटायचं, हा निदान विचारतोय. वाद घालता येईल असा माणूस आहे.

त्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला त्यानं लिहिलं, 'आक्का, आई झोपेत कन्नडमध्ये कुणाशी बोलते?'

मी लॅपटॉप मिटला. उठून खिडक्या बघितल्या. आई आतल्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मी तिला विचारलं, "तू झोपेत बोलतेस हे कुणाला सांगितलंस?" ती म्हणाली, "मी बोलते?" तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

शेजारच्या गुणाबाईंना विचारलं. भिंत सामाईक आहे, वाटलं, ऐकू जात असेल. त्यांनी शपथ घेतली. माझा एक जुना विद्यार्थी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यानं लॅपटॉप उघडून तपासला. काही सापडलं नाही. कुलूप बदललं. दार सुजलं होतं तेही करून घेतलं, आणि आईच्या हट्टानं पिवळा रंग दिला. जुन्या वखारीच्या मागच्या गल्लीत आता आमचंच एक दार लांबून दिसतं. आई दहा वेळा बाहेर जाऊन बघून आली.

मी त्याला उत्तर दिलं. 'तुम्ही कोण आहात?' असं. लगेच आलं, 'तुमच्या घरातलाच समजा.'

ज्योत्स्ना


जांबोटी
२६ जुलै २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

आता तरी थांब. तू उत्तर देतेस म्हणून तो येतो. चार दिवस गप्प बसून बघ, कंटाळून जाईल. नागेंद्रचंही तेच म्हणणं.

कॉलेजातलं कुणी नसेल ना? तुझ्यावर जळणारं? तुझ्या घरी जेवून गेलेलं कुणी? मी रात्रंदिवस तोच विचार करते.

आप्पासुद्धा तुझी चौकशी करतात. परवा जेवताना म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीचं पत्र नाही का आलं या आठवड्यात?" मी म्हटलं, येईल. तर म्हणाले, "छान लिहिते. सविस्तर." मी तुझ्या पत्रातलं काहीबाही त्यांना सांगत असते, त्यावरून म्हणाले असतील.

काळजी घे. आईंना नमस्कार.

रचना


निपाणी
४ ऑगस्ट २०२५

प्रिय रचना,

तुझं पत्र येण्याआधीच झालं ते. २५ तारखेला शुभचिंतकानं लिहिलं, 'आक्का, वखारीमागच्या गल्लीत पिवळं दार किती शोभून दिसतं. दारावर रंग चढला, मनावर कधी चढणार?' त्या वाक्याला चारशे लोकांनी अंगठा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर उंबऱ्यावर माठ. नवा, काळा. गळ्याला दोरी बांधलेली, दोरीला लांब दांड्याचा डाव. पाण्यानं काठोकाठ भरलेला. एवढा भरलेला माठ एक थेंब न सांडता कुणी आणून ठेवला असेल? पायरी कोरडी होती.

मी तो उचलायच्या आत आई माझ्यामागं येऊन उभी होती. ती आत जाऊन बसली. दुपारी मी तिला पाण्याचा तांब्या दिला, तर तिनं तांब्या घेतला नाही. दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. मला वाटलं, हात धुवायचे असतील. ती म्हणाली, "वरनं घाल. लांबनं."

सत्तर वर्षांची बाई आहे ती, रचना. माझ्या घरात, माझ्या हातून, ओंजळीनं पाणी पिते आहे. आठ दिवस झाले. भांड्याला हात लावत नाही. विचारलं तर नुसती बघते, मी कोण ते आठवत असल्यासारखी.

म्हणून परवा तिला बेळगावात अनगोळला मावशीकडे पोचवून आले. तिथं चार माणसं आहेत, पोरंबाळं आहेत. मी इथं एकटीच. ठाण्यात तक्रार दिली आहे.

तू म्हणतेस गप्प बस. मी गप्प बसले होते गं, माठ आला तेव्हा चार दिवस मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

ज्योत्स्ना


जांबोटी
२० ऑगस्ट २०२५

ज्योत्स्ना,

पत्र मिळालं. फार लिहीत नाही.

पेज बंद करून टाक. सगळंच. आईंच्या तब्येतीपेक्षा मोठं काही नाही. आणि काही दिवस मला पत्रही पाठवू नकोस. शाळेत तपासणी आहे, माझं डोकं ठिकाणावर नाही. मीच नंतर लिहीन.

तक्रार पुढं नेऊ नकोस. त्यातून काही निघत नाही, उलट वाढतं.

रचना


निपाणी
१ सप्टेंबर २०२५

हे पाकीट जो आधी उघडेल त्याला,

मी हे रचनाच्या नावानं पाठवते आहे, पण पहिल्यांदा वाचणारे तुम्ही आहात हे मला कळलं आहे. तुम्ही रचना असाल, तर सतरा वर्षांची ओळख मी आज पुसते. दुसरं कुणी असाल, तर बसा. तुम्हाला उत्तरं आवडतात. हे शेवटचं.

पंधरा ऑगस्टला संध्याकाळी तुम्ही विचारलंत, 'आक्का, अनगोळात आईला करमतं का?'

माझी आई अनगोळला गेलेलीच नाही. अनगोळात मला मावशी नाही. आई या क्षणी माझ्या शेजारी बसली आहे. ते वाक्य मी जगात एकाच कागदावर लिहिलं होतं आणि तो कागद जांबोटीला पाठवला होता. माठ आला त्या दिवशी मी सगळ्या आठवणी ताडून बघितल्या. कन्नडचं, रंगाचं, सगळं मी फक्त पत्रातच बोलले होते. म्हणून एक खोटं लिहून पाठवलं.

तुम्ही शिवी देत नाही. तुम्ही नुसतं विचारता. ज्यांना दगड मारायचा होता त्यांना घर सापडत नव्हतं, ते तुम्ही दाखवलंत. तेही सुंदर वाक्य करून.

तुम्ही विचारलं होतंत, पन्नास वर्षांपूर्वीचं उकरून आज कुणाची तहान भागणार. उत्तर असं, की ते पन्नास वर्षांपूर्वीचं नाही. आईनं आज सकाळीही ओंजळ पुढं केली आणि मी वरून पाणी घातलं. धार धरणारी आता मी आहे.

तुम्ही एकटे असाल, आजारी असाल, काहीही असाल. बाबा, सिद्राम त्यांचं नाव, गेले तेव्हा आईही एकटी होती. तिनं कुणाच्या घरात डोकावून त्यांची झोप मोजली नाही.

आता हे पाकीट पुन्हा चिकटवा, किंवा नका चिकटवू.

ज्योत्स्ना सिद्राम कांबळे


जांबोटी
१२ सप्टेंबर २०२५

ज्योत्स्ना,

आप्पा.

हा एक शब्द लिहायला मला अठ्ठावीस दिवस लागले. मला पंधरा ऑगस्टलाच कळलं होतं. वीस तारखेचं पत्र मी कळल्यावर लिहिलेलं आहे. ते आधी सांगते, मग बाकीचं.

त्या दिवशी झेंडावंदन करून आले. संध्याकाळी पाऊस उघडला आणि धुकं खाली उतरलं. आप्पा वेळेवर परतले नाहीत म्हणून मी टेकावर गेले. ते दगडावर बसले होते. धुक्यात बाकी काही दिसत नव्हतं, फोनच्या उजेडातलं तोंड तेवढं दिसत होतं. बोटानं लिहीत होते आणि लिहिता लिहिता तोंडानं म्हणत होते, फळ्यावर लिहिताना मास्तर म्हणतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "आक्का, अनगोळात आईला, करमतं का." मग थांबले, आणि हसले. या घरात बारा वर्षं राहते मी, ते हसणं मी कधी बघितलं नव्हतं.

मी चार हातांवर उभी होते. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "रचना, भिजशील. चल घरी." वाटेत मला हात देऊन ओढ्यावरून पलीकडं नेलं.

मी घरी येऊन भाकरी केल्या. त्यांना वाढल्या. नागेंद्रला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही. पंचक्रोशीत त्यांना मान आहे, बाहेर कळलं तर काय होईल, हाच विचार केला. मग तुलाच लिहिलं की पेज बंद कर. तक्रार नेऊ नको.

तुझं पत्र आलं तेव्हा त्यांनी चिकटवलं नाही. भाताच्या पेजेनं चिकटवायचे ते, मी समजत होते पावसानं ओलं झालंय. या वेळी उघडं पत्र टेबलावर ठेवलं, त्यावर चष्मा. म्हणाले, "मी वाचलं. आता तू वाच."

वाचून मी विचारलं, "का केलंत?"

"मी एकही शिवी दिली नाही."

"घर कुठलं ते का लिहिलंत आप्पा?"

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून धोतरानं पुसला. मग म्हणाले, "वाक्य चांगलं जमत होतं."

मी रडायला लागले. ते माझ्याकडं न बघता बोलत राहिले. "ती उत्तर द्यायची. रोज. मुद्देसूद. या घरात मला कोण सविस्तर उत्तर देतं? जेवलात का, गोळी घेतली का. चाळीस वर्षं मी पोरं शिकवली, सगळ्या जातीची. आणि त्या बाईचं पाण्याचं गाऱ्हाणं ऐकायला नव्वद हजार माणसं."

मी विचारलं, "तुमच्या शाळेत माठ होता?"

"होता."

"त्या पोरांनी हात लावायचा?"

"नाही. धार धरायला एक मुलगा नेमलेला असायचा." थोड्या वेळानं म्हणाले, "मीच नेमायचो. व्हिडिओ बघितला तेव्हा वाटलं, ती माझंच नाव घेणार."

नागेंद्रला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं टेकावर गेलो आणि त्यांनी आमच्यासमोर ते खातं काढून टाकलं. ते ठाण्यात येऊन जबाब द्यायला तयार आहेत. मी त्यांना भाग पाडलेलं नाही. ते खरं बोलतील की नाही, ते मी सांगू शकत नाही.

माझ्याबद्दल काही मागत नाही.

रचना


निपाणी
६ ऑक्टोबर २०२५

रचना,

तू ठाण्याच्या व्हरांड्यात थांबलीस, आत आली नाहीस, म्हणून आत काय झालं ते लिहिते.

गिरणीवरच्या कॅमेऱ्यात माठ आणणारे दोघं सापडले. आईला त्यांनी आयुष्यात बघितलेलं नाही. नाव विचारलं तर तेही माहीत नव्हतं. एक जण म्हणाला, "कॉमेंटमध्ये होतं, पिवळं दार." त्याला वाटलं, एवढं सांगून झालं.

मग आप्पा आले. स्वच्छ धोतर, टोपी. त्यांनी मला पहिल्यांदाच समोर पाहिलं आणि म्हणाले, "आक्का." तीन महिने मी तो आवाज नुसता वाचत होते, आणि तो डोक्यात हुबेहूब असाच वाजत होता.

त्यांनी जबाब नीट दिला. हवालदारानं कन्नडमध्ये लिहून घेतला, त्यातली एक चूकसुद्धा आप्पांनी दुरुस्त करायला लावली. पत्रं कशी उघडली, काय लिहिलं, सगळं. शाळेतल्या माठाचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं.

आई बाकावर होती. मी तिला आणणार नव्हते, ती स्वतःहून निघाली. आप्पांचं झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच न्हवं ते, इचारत हुतासा, मी झोपंत कुणासंगं बोलते म्हणून? बसा की. सांगते."

ते बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

आई म्हणाली, "माझी आई हिरीवर उभी ऱ्हायाची. 'नीरु हाक्री' म्हणायची, म्हंजी पाणी घाला. कुणी घालंपतूर म्हणायची. मी लहान, तिच्या लुगड्याला धरून. मग मी बी म्हणायची. त्येच म्हणत आसंन मी. कुणासंगं न्हाय बोलत. वाट बघतोय आम्ही."

लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं होतं. आप्पांनी हात जोडले. आईनं जोडले नाहीत. ती त्यांच्याकडं बघत होती, नुसती, आणि मग मला म्हणाली, "चल, दळण आणायचंय." घरी आल्यावर माठाचं पाणी, तांब्या, काहीच ठीक झालेलं नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. कालपासून ती ओंजळीऐवजी वाटी पुढं धरते. ती वाटी ती स्वतः घासते.

आणि एक सांगायचं आहे. शुभचिंतकाचं खातं गेलं, पण त्याची वाक्यं गेली नाहीत. गेल्या आठवड्यात वेगळ्याच तीन खात्यांवरून आली. तशीच, विरामचिन्हांसकट. कुणी बंगळुरूचं, कुणी कुठलं. 'आक्का, अनगोळात आईला करमतं का?' त्यांना अनगोळ कुठं आहे ते माहीत नसेल. आप्पांना हे सांग किंवा सांगू नकोस. आता ते त्यांच्याही हातात राहिलेलं नाही.

मी त्यांना दोन-दोन तास उत्तरं देणं सोडलं आहे. धमकी असली की छापून ठाण्यात देते. शिवी पुसते. कुणी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोनं काही विचारलं, तर एकदा उत्तर देते, पुन्हा नाही. पेज चालू आहे. पुढच्या महिन्यात गुणाबाई बोलणार आहेत.

त्या खात्यांचं हे असं ठरवता आलं. तुझं ठरवता येत नाही. आप्पांनी माझं घर दाखवलं, पण ते मला ओळखत नव्हते. तू ओळखत होतीस. पाच दिवस तुला माहीत होतं, आणि तरी तू मला लिहिलंस की आईंच्या तब्येतीपेक्षा मोठं काही नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. ते खरंही आहे, म्हणूनच वाचवत नाही.

सुट्टी लागली की निपाणीला ये. आधी पत्र पाठवू नकोस. मी दार उघडीन की नाही ते मलाही माहीत नाही, पण तू ये.

ज्योत्स्ना